ब्राउझरचा इशारा आणि घरी बनवलेले प्रमाणपत्र

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. बाकीच्या वाचकांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात ‘कोहा’ ही ग्रंथालयासाठीची मुक्त संगणकप्रणाली एका जुन्या संगणकावर बसवली आहे. देवघेवीच्या टेबलावरचे चार संगणक आणि कर्मचाऱ्यांचे तीन मोबाइल आतल्या वाय-फायवरून तिच्याशी जोडलेले असतात. बसवून देणाऱ्या तरुणाने तिचे सर्टिफिकेटही तयार करून दिले; तरीही वारंवार ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असे पान उमटते आणि ‘प्रगत’वर जाऊन पुढे सरकावे लागते. हे धोक्याचे आहे का, आणि ते कायमचे घालवता येईल का?
— एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : त्या तरुणाने केलेले काम चुकीचे नाही, अर्धवट आहे. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरची, तुमच्याकडे कोहा बसवलेल्या संगणकाची, ओळख ब्राउझरला पटवून देणारी फाइल. त्याने जे बनवले त्याला सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट म्हणतात, म्हणजे ज्याचे प्रमाणपत्र त्याचीच त्यावर सही. आपल्याकडे दाखल्याऐवजी स्वयंघोषणापत्र देतात, तसाच हा प्रकार आहे. घोषणापत्रातला मजकूर खरा असू शकतो, परंतु समोरच्याने तो कशाच्या आधारावर मानायचा, हा प्रश्न उरतोच. प्रत्येक ब्राउझरजवळ किंवा त्याखालच्या कार्यप्रणालीजवळ विश्वासू संस्थांच्या मूळ प्रमाणपत्रांची एक यादी असते; समोर आलेल्या प्रमाणपत्रावरच्या सहीचा माग त्या यादीतल्या कोणापर्यंत पोहोचला नाही, की इशारा येतो. तुमच्या वाचनालयाची सही त्या यादीत नाही, इतकेच त्या पानाचे म्हणणे आहे.

यात एक गैरसमज फार पसरलेला आहे. अशा प्रमाणपत्रामुळे सांकेतिकरण (एन्क्रिप्शन) कच्चे होते, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. तारेतून किंवा हवेतून जाणारी माहिती तितकीच पक्की गुंडाळलेली असते. फक्त ती कोणाच्या हाती पडते आहे, याची खात्री नसते. तुमच्या बाबतीत खरा धोका सवयीचा आहे. वाचनकक्षात लॅपटॉप घेऊन बसलेल्या एखाद्याने त्याच वाय-फायवर स्वतःला तुमचा सर्व्हर म्हणून उभे केले आणि त्याच नावाचे दुसरे घरगुती प्रमाणपत्र पुढे केले, तर येणारा इशारा हुबेहूब आजच्यासारखाच असेल, आणि तुमचे कर्मचारी नेहमीप्रमाणे ‘प्रगत’ दाबून आपला पासवर्ड त्याच्या हवाली करतील. म्हणून उपाय असा हवा, की एरवी इशारा कधीच येऊ नये आणि ज्या दिवशी येईल त्या दिवशी सगळ्यांनी हात आवरावा.

आधी त्या पानावरचा बारीक अक्षरातला संकेत वाचावा. क्रोममध्ये त्याच्या अखेरीस ‘अथॉरिटी इनव्हॅलिड’ असे असेल तर सही अनोळखी आहे. ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ असेल तर पत्त्याच्या पट्टीतले नाव आणि प्रमाणपत्रातले नाव जुळत नाही. ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर मुदत संपलेली आहे किंवा संगणकाचे घड्याळ मागे पडले आहे. जुन्या संगणकांत आतला नाण्याएवढा सेल उतरला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि एकूणएक संकेतस्थळे असुरक्षित दिसू लागतात. तेव्हा प्रमाणपत्राला हात लावण्यापूर्वी कोपऱ्यातले घड्याळ पाहिलेले बरे.

नावाच्या बाबतीत जुनी मार्गदर्शने वाचून काम करणारे हमखास फसतात. पूर्वी प्रमाणपत्रातल्या ‘कॉमन नेम’ या रकान्यात पत्ता लिहिला की भागत असे. एप्रिल २०१७ मध्ये आलेल्या क्रोमच्या ५८व्या आवृत्तीपासून तो रकाना पाहणेच बंद झाले. आता नाव ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’ या जोडभागातच असावे लागते. तुम्ही सर्व्हर १९२.१६८.१.१० अशा आकडी पत्त्याने उघडत असाल, तर तो पत्ता त्या भागात आयपी या प्रकाराखालीच नोंदवलेला हवा. नावाच्या प्रकाराखाली आकडे लिहून चालत नाही. शिवाय राउटरमध्ये तो पत्ता सर्व्हरसाठी राखून ठेवावा, नाही तर वीज जाऊन आल्यावर सर्व्हरला दुसराच पत्ता मिळेल आणि सारी मेहनत वाया जाईल.

आता मुख्य काम. एकच सुटे प्रमाणपत्र करून ते सात यंत्रांवर बसवण्याऐवजी आधी वाचनालयाचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र करावे आणि त्याच्या सहीने सर्व्हरचे प्रमाणपत्र काढावे. यात मूळ प्रमाणपत्र एकदाच सर्व यंत्रांवर बसते. पुढे सर्व्हर बदलला, पत्ता बदलला किंवा मुदत संपली तरी नवे प्रमाणपत्र फक्त सर्व्हरवर ठेवावे लागते, मोबाइल पुन्हा गोळा करावे लागत नाहीत. ओपनएसएसएल या साधनाने हे सगळे करता येते, पण त्याच्या आज्ञा लांबलचक असून जोडभाग विसरण्याची चूक तिथेच होते. ‘एमकेसर्ट’ नावाचे मोफत साधन याला सोपे आहे. त्याची पहिली आज्ञा मूळ प्रमाणपत्र तयार करून त्याच संगणकाच्या विश्वासयादीत घालते. दुसऱ्या आज्ञेत सर्व्हरचे नाव आणि आकडी पत्ता लिहिला की दोन फाइली मिळतात, एक प्रमाणपत्राची आणि दुसरी गुप्त किल्लीची. या दोन फाइली सर्व्हरवर ठेवून अपाची या वेबसर्व्हरच्या मांडणीत त्यांचे मार्ग लिहावेत आणि अपाची पुन्हा सुरू करावा.

हे साधन मुळात संगणकप्रणाली लिहिणाऱ्यांच्या सोयीसाठी केलेले आहे, हे ध्यानात ठेवून एक पथ्य पाळावे. मूळ प्रमाणपत्राचीही एक गुप्त किल्ली असते आणि ती त्याच संगणकावर एका फोल्डरात पडून राहते. ती ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या सातही यंत्रांना पटेल असे कोणत्याही संकेतस्थळाचे, अगदी बँकेचेही, खोटे प्रमाणपत्र काढू शकतो. काम झाले की ती किल्ली पेन ड्राइव्हवर घ्यावी, संगणकावरून पुसावी आणि पेन ड्राइव्ह वाचनालयाच्या लोखंडी कपाटात, पावतीपुस्तकांच्या शेजारी कुलपात ठेवावा.

बसवण्याची रीत यंत्रागणिक वेगळी आहे. विंडोजवर मूळ प्रमाणपत्राच्या फाइलीचे शेपूट बदलून ‘सीआरटी’ करावे, दोनदा टिचकी मारावी, ‘लोकल मशीन’ निवडावे आणि पुढच्या पायरीवर ठिकाण आपोआप ठरू न देता ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन अथॉरिटीज’ हा कप्पा स्वतः निवडावा. हा कप्पा चुकला की सगळे यशस्वी झाल्याचा संदेश येतो आणि इशारा मात्र जागचा हलत नाही. फायरफॉक्स पूर्वी स्वतःचीच यादी पाहत असे. नोव्हेंबर २०२३ मधील १२०व्या आवृत्तीपासून तो विंडोज आणि मॅकवर कार्यप्रणालीत घातलेली मूळ प्रमाणपत्रेही मानतो. त्याहून जुनी आवृत्ती असेल तर त्याच्या सेटिंगमधल्या प्रमाणपत्रांच्या यादीत वेगळे बसवावे लागेल.

अँड्रॉइडवर सेटिंगच्या सुरक्षा विभागात, सांकेतिकरण आणि क्रेडेन्शियल्सच्या खाली, ‘सीए प्रमाणपत्र’, म्हणजे मूळ प्रमाणपत्र, बसवण्याची सोय असते. ‘तुमच्या नेटवर्कवर नजर ठेवली जाऊ शकते’ अशी सूचना येते, ती खरीच आहे. किल्ली कपाटात आहे म्हणूनच ती स्वीकारायची. अँड्रॉइड ७पासून, म्हणजे २०१६पासून, बहुतेक ॲप असे वापरकर्त्याने घातलेले प्रमाणपत्र मानत नाहीत, पण क्रोम ब्राउझर मानतो आणि तुमचे काम ब्राउझरमध्येच असल्याने अडचण येऊ नये. आयफोनवर दोन टप्पे आहेत आणि दुसरा हमखास राहून जातो: प्रोफाइल बसवल्यावर ‘जनरल’, मग ‘अबाउट’, आणि तिथे अगदी तळाशी असलेल्या ‘सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज’मध्ये जाऊन आपल्या प्रमाणपत्रापुढचे बटण चालू करावे लागते. ॲपलची आणखी एक अट अशी, की सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत ८२५ दिवसांहून जास्त असता कामा नये. दहा वर्षांचे प्रमाणपत्र काढून मोकळे होण्याचा मोह आयफोन खपवून घेत नाही. एमकेसर्ट सव्वादोन वर्षांची मुदत देते. ती तारीख पुस्तकबांधणीच्या किंवा वार्षिक सभेच्या तारखांबरोबर वहीत लिहून ठेवावी.

फाइल मोबाइलवर पोहोचवण्यासाठी ती व्हॉट्सॲपच्या समूहावर टाकू नये. पेन ड्राइव्हने किंवा समोरासमोर द्यावी आणि बसवताना ठसा (फिंगरप्रिंट), म्हणजे त्या फाइलीतूनच गणिताने निघणारी तिची ओळखखूण, जुळवून पाहावा. एसएचए-२५६ हा ठसा अक्षर-आकड्यांच्या बत्तीस जोड्यांचा असतो. एकाने सर्व्हरच्या संगणकावरून मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने मोबाइलवर बोट फिरवत जायचे. सात यंत्रांना मिळून अर्धा तास लागेल. या सगळ्या व्यवस्थेचे बळ त्या अर्ध्या तासात आहे, कारण एरवी जी ओळख बाहेरची संस्था पटवून देते ती इथे तुम्ही स्वतः हातोहात पटवत असता.

वाचनालयाचे स्वतःचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवर नोंदवलेले नाव, असेल, तर मात्र याहून सोपा मार्ग आहे आणि मी असतो तर तोच धरला असता. आतल्या सर्व्हरला त्या डोमेनखालचे एखादे नाव द्यावे आणि लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून मोफत प्रमाणपत्र घ्यावे. सर्व्हर बाहेरून दिसण्याची गरज नाही. डोमेनच्या नोंदींत सांगितलेली एक ओळ घालून मालकी सिद्ध करता येते. मग कोणत्याही मोबाइलवर काहीच बसवावे लागत नाही. एवढेच, की अशा प्रमाणपत्रांची नोंद जाहीर वह्यांत होत असल्यामुळे सर्व्हरचे नाव जगाला दिसते. वाचनालयाला त्याची फिकीर करण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात असून वेबसाइट बनवण्याचा सराव माझ्याच लॅपटॉपवर करते. कॅमेरा आणि ठिकाण विचारणारी सोय फक्त सुरक्षित जोडणीवरच चालते, असे वाचले. मला प्रमाणपत्र करावे लागेल का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : लॅपटॉपवरच ‘लोकलहोस्ट’ या नावाने उघडत असाल तर नाही. जोडणी यंत्राबाहेर जातच नसल्याने ब्राउझर त्या नावाला प्रमाणपत्राशिवायही सुरक्षित धरतात. तेच पान मोबाइलवरून तपासायला गेलात की वर सांगितलेले सगळे करावे लागेल. सरावाच्या संकेतस्थळाला शेवटी ‘डेव्ह’ असलेले नाव मात्र देऊ नका. ते आता खरेखुरे डोमेन असून ब्राउझर तिथे सुरक्षित जोडणीची सक्ती करतात आणि इशाऱ्याच्या पानावर पुढे जाण्याची वाटही ठेवत नाहीत. ‘टेस्ट’ हे शेपूट १९९९पासून अशा प्रयोगांसाठीच राखून ठेवलेले आहे.

प्रश्न : मी करसल्लागार आहे. कंपन्यांची जीएसटी विवरणपत्रे भरताना यूएसबी टोकनने डिजिटल सही करावी लागते. संगणकावर सहीसाठीचा एमसायनर हा कार्यक्रम चालू असूनही दर महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास ‘सर्व्हरशी जोडणी होऊ शकली नाही’ असा संदेश येतो. कोणीतरी १२७.०.०.१ आणि पुढे १५८५ असा पत्ता नव्या टॅबमध्ये उघडून इशारा मान्य करायला सांगितले. तसे केले की चालते, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. हे काय गौडबंगाल आहे?
— एक करसल्लागार, सांगली

उत्तर : तुमचा ब्राउझर यूएसबी टोकनशी थेट बोलू शकत नाही. एमसायनर हा मध्यस्थ तुमच्याच संगणकावर एक छोटा सर्व्हर होऊन १५८५ या दारावर (पोर्टवर) कान लावून बसतो. जीएसटीचे पान ब्राउझरमार्फत त्याच्याशी बोलते, तो टोकनकडून सही करून आणतो. त्याच्याशी होणारी जोडणीही प्रमाणपत्रावर चालते आणि ते प्रमाणपत्र ब्राउझरच्या ओळखीचे नसते.

गोंधळाचे मूळ असे, की तुम्ही स्वतः एखादा पत्ता उघडता तेव्हा ब्राउझर इशाऱ्याचे पान दाखवतो, पण उघडलेले पान पडद्याआडून दुसरीकडे जोडणी करू लागले आणि तिथे अनोळखी प्रमाणपत्र आढळले, तर ब्राउझर काही न विचारता ती तोडतो. पानाला एवढेच कळते की जोडणी झाली नाही. तोच पत्ता वेगळ्या टॅबमध्ये उघडल्यावर ब्राउझरला तुम्हाला विचारण्याची संधी मिळते, तुम्ही अपवाद मान्य करता आणि मग पडद्याआडची जोडणीही सुरळीत होते.

पुढच्या महिन्यात पुन्हा अडते, कारण क्रोम असा अपवाद साधारण आठवडाभरच लक्षात ठेवतो. तुमचे टोकन महिन्यातून एकदाच बाहेर निघत असेल, तर प्रत्येक वेळी तो विसरलेलाच असणार. फायरफॉक्समध्ये मान्य केलेला अपवाद कायम राहू शकतो. टोकनच्या कामासाठी एक वेगळा ब्राउझर ठेवणे हा व्यवहारी तोडगा आहे.

पहिल्या उत्तरात ‘प्रगत’ दाबू नका म्हटले आणि इथे दाबायला सांगतो आहे, यात विसंगती नाही. १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे तुमचाच संगणक. तिथे जाणारा शब्द तारेवर येतच नाही, त्यामुळे मध्ये कोणी उभे राहू शकत नाही. धोका उरतो तो त्याच संगणकात शिरलेल्या दुसऱ्या कार्यक्रमाचा, आणि तसे झाले असेल तर प्रमाणपत्राचा प्रश्न फार पुढचा आहे. पत्त्याचे आकडे मात्र एकेक करून पाहावेत. एकही वेगळा दिसला तर तिथेच थांबावे.

प्रश्न : माझा मुलगा वसतिगृहात राहतो. तिथले वाय-फाय वापरण्यासाठी प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपवर आणि मोबाइलवर एक सर्टिफिकेट बसवावे, असा आदेश निघाला आहे. फाइल व्हॉट्सॲपच्या समूहावर आली. बसवू द्यावे का?
— एक पालक, पुणे

उत्तर : मुलाचा स्वतःचा मोबाइल असेल तर माझे मत स्पष्ट आहे: बसवू देऊ नये, त्यावर मोबाइल कंपनीचे इंटरनेट वापरावे. संस्थेने दिलेल्या लॅपटॉपची गोष्ट वेगळी, कारण ते यंत्र संस्थेचे असते.

अशा आदेशामागे बहुधा दुष्ट हेतू नसतो. संस्थेच्या दारावरची फायरवॉल ही पेटी जाणारी-येणारी माहिती उघडून, तपासून, पुन्हा बंद करून पुढे पाठवते. त्यासाठी ती प्रत्येक संकेतस्थळाचे स्वतःच्या सहीचे प्रमाणपत्र जागच्या जागी तयार करते आणि ते ब्राउझरला पटावे म्हणून तिचे मूळ प्रमाणपत्र तुमच्या यंत्रावर हवे असते. परंतु ते बसल्यानंतर मुलाचे ईमेल आणि बँकेचा पासवर्डही त्या पेटीत क्षणभर उघडा पडू शकतो. एखाद्या संकेतस्थळापुरता मर्यादित परवाना म्हणून हे प्रमाणपत्र येत नाही. सहसा ते सर्वांच्या वतीने सही करण्याचे मुखत्यारपत्र असते. मर्यादा घालण्याची सोय तंत्रात आहे, ती क्वचितच वापरलेली दिसते.

आणि ज्याच्याकडे किल्ली आहे तो भला असला, तरी किल्ली सुटण्याचा प्रश्न राहतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये उघडकीला आलेले सुपरफिश प्रकरण याच जातीचे आहे. लेनोवोच्या काही लॅपटॉपांवर जाहिराती घुसवणारा हा कार्यक्रम आधीपासून घालून दिलेला होता. त्याने स्वतःचे मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या यादीत बसवले होते आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपांवर एकच होती. एका संशोधकाने ती काढून दाखवल्यावर, त्याच वाय-फायवरचा कोणीही त्या लॅपटॉपांना हव्या त्या संकेतस्थळाचे सोंग दाखवू शकेल, हे सिद्ध झाले. २०१९ मध्ये कझाकस्तानात नागरिकांना सरकारी मूळ प्रमाणपत्र बसवायला सांगितले गेले, तेव्हा गूगल, मोझिला आणि ॲपल यांनी ते आपल्या ब्राउझरांतून नाकारले.

आपल्या देशातही जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या काही डोमेनची अनधिकृत प्रमाणपत्रे बाहेर पडली होती. ती रद्द झाली आणि क्रोमने भारताच्या मूळ प्रमाणपत्राची मान्यता ठरावीक भारतीय डोमेनांपुरती आखून दिली. अधिकृत यादीतल्या संस्थेच्या हातूनही असे घडू शकते, तर वसतिगृहाच्या पेटीवर कोण आणि किती लक्ष देतो, हे आपणच विचारायला हवे.

त्यातून फाइल व्हॉट्सॲपच्या समूहावर आली आहे. ती संस्थेचीच आहे, वाटेत कोणी बदललेली नाही, हे तुम्ही कशावरून ठरवणार? निदान कार्यालयात जाऊन ठसा छापील कागदावर मागावा. मुलाने ती आधीच बसवली असेल, तर अँड्रॉइडवर पहिल्या उत्तरात सांगितलेल्या सुरक्षा विभागातल्या ‘वापरकर्ता’ या यादीतून आणि विंडोजवर प्रमाणपत्रांच्या कप्प्यातून ती काढता येते. ती काम करते आहे का, हे पाहायचे असेल तर बँकेचे संकेतस्थळ उघडून पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारावी. क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये तिथले कुलूप काढून दोन सरकत्या दांड्यांचे चिन्ह ठेवले आहे. तिथून प्रमाणपत्र उघडावे आणि ‘देणारा’ या ओळीत नामांकित प्रमाणपत्र-संस्था आहे की वसतिगृहाच्या फायरवॉलचे नाव आहे, ते वाचावे.

प्रश्न : माझे मसाल्यांचे छोटे दुकान आहे. दुकानाच्या वेबसाइटला घरी बनवलेले प्रमाणपत्र लावून खर्च वाचवता येईल का?
— एक व्यावसायिक, कोल्हापूर

उत्तर : वाचवण्यासारखा खर्चच उरलेला नाही. लेट्स एन्क्रिप्ट डिसेंबर २०१५पासून सर्वांना मोफत प्रमाणपत्रे देत आले आहे, आणि वेबसाइट ठेवणाऱ्या बहुतेक कंपन्या ती आपोआप लावून देतात. घरगुती प्रमाणपत्र लावले तर तुमच्या ग्राहकाला पहिल्या भेटीतच इशाऱ्याचे पान दिसेल, आणि अनोळखी माणसाला तुम्ही वाचनालयासारखा समोर बसवून ठसा वाचून दाखवू शकणार नाही.

फक्त नूतनीकरण आपोआप होते आहे ना, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून टप्प्याटप्प्याने उतरवण्याचे ठरले आहे: १५ मार्च २०२६पासून २०० दिवस, २०२७च्या मार्चपासून १०० आणि २०२९च्या मार्चपासून ४७. वर्षातून एकदा कोणाला तरी बोलावून प्रमाणपत्र बदलून घेण्याची तुमची सध्याची पद्धत असेल, तर ती फार दिवस पुरणार नाही.